तीन क्यूब जिंकले, उरलेल्या सहांचं काय? काँक्रीट मिक्स डिझाइन स्पर्धांबद्दल थोडं स्पष्ट



कोहमाऱ्याला आमच्या घरी टीव्हीच्या बाजूला एक ट्रॉफी ठेवलेली आहे. आईने तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली आहे, महामार्गाची धूळ बसू नये म्हणून. ट्रॉफी मिक्स डिझाइन स्पर्धेची आहे, पहिला नंबर. पाहुणे आले की आई सांगते, "पोरीनं सिमेंटमध्ये बक्षीस मिळवलं." मी गप्प बसते. का गप्प बसते ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण पेटची नाहीतर नेटची तयारी करताय, काही जण एम.एस्सी. किंवा बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहात. संशोधनाची पहिली चव तुम्हाला बहुतेक अशाच एखाद्या स्पर्धेत नाहीतर प्रोजेक्टमध्ये मिळणार आहे, आणि पहिल्या चवीची सवय लागते.

आधी स्पर्धा म्हणजे काय ते सांगते, कारण सगळे सिव्हिलचे नसतील. मीही नाही, मी रसायनशास्त्राची. सिमेंट, रेती, गिट्टी, पाणी आणि असलंच तर एखादं अ‍ॅडमिक्श्चर, यांचं प्रमाण कागदावर ठरवायचं. मग माल तयार करून 150 मिलिमीटरच्या लोखंडी मोल्डमध्ये क्यूब ओतायचे, दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडून पाण्यात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी सीटीएमवर, म्हणजे दाबून फोडण्याच्या मशीनवर, फोडायचे. किती किलोन्यूटनला फुटला त्याला 22,500 चौरस मिलिमीटरने भागलं की ताकद मिळते. आमच्या स्पर्धेचा नियम एका ओळीचा होता : आपापल्या कॉलेजात क्यूब तयार करा, सातव्या दिवशी तीन क्यूब घेऊन या, ज्यांची सरासरी जास्त ते विजेते.

सिव्हिलच्या दोन मित्रांना टीममध्ये कोणीतरी "केमिस्ट्रीवालं" हवं होतं, म्हणून मी गेले. आम्ही नऊ क्यूब ओतले. एक क्यूब साधारण सव्वाआठ किलोचा, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो माल. छोट्या मिक्सरमध्ये एका वेळी तीन क्यूबचाच माल बसायचा, म्हणून तीन घाण काढले. सिमेंट घनमीटरला 480 किलो, पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.36, जोडीला सुपरप्लास्टिसायझर. सातव्या दिवशी सकाळी नऊही क्यूब पाण्यातून काढले, पुसले, वजनकाट्यावर ठेवले, आणि सगळ्यात जड व सगळ्यात गुळगुळीत असे तीन निवडून डिक्कीत टाकले.

नियम मोडला का? अजिबात नाही. नियमात किती ओता हे कुठे लिहिलं होतं?

तीन क्यूब 41.2, 43.6 आणि 38.9 ला फुटले. सरासरी 41.2 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. टाळ्या, ट्रॉफी, फोटो. उरलेले सहा पाण्यात परत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी लॅब मोकळी होती म्हणून ते आमच्याच कॉलेजच्या मशीनवर फोडले, निव्वळ उत्सुकता म्हणून. आकडे आले ते असे : 36.1, 33.8, 27.4, 35.0, 37.2, 30.5. एक दिवस जास्त मिळूनही सरासरी 33.3.

हे आकडे मी त्या दिवशी वहीत लिहिले आणि वही मिटली. त्यांच्याकडे नीट बघायला मला दोन वर्षं लागली. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्राचा पेपर होता, सरांनी "तुमचा स्वतःचा कुठलाही डेटा आणा" म्हटलं, तेव्हा ती वही निघाली.

आता हिशेब तुम्हीही करून बघा. नऊ क्यूबची सरासरी येते 36.0 आणि प्रमाण विचलन येतं 5.1 च्या आसपास. आता आयएस 456 मध्ये काँक्रीटची ताकद कशाला म्हटलंय? सरासरीला नाही. ज्या आकड्याच्या खाली शंभरातले पाचपेक्षा जास्त निकाल जाणार नाहीत अशी अपेक्षा असते, तो आकडा. त्याला कॅरॅक्टरिस्टिक स्ट्रेंग्थ म्हणतात, एम 25 मधला 25 तोच. सरासरीतून 1.65 गुणिले प्रमाण विचलन वजा करा : 36.0 वजा 8.4, उरले 27.6. नऊच क्यूब असल्याने तोही ढोबळ आकडा समजा.

प्रमाणपत्रावर 41.2. आणि त्याच पाककृतीवर विसंबून कोणी घर बांधलं असतं तर भरवसा ठेवण्यासारखा आकडा 27-28. बाकी सगळं आमच्या निवडीने तयार केलं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे ती तुमच्या कामाला येईल. आयएस 456 मध्ये एक चाळणी आहे : एका नमुन्याच्या तीन क्यूबपैकी कुठलाही सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त वर-खाली असेल तर तो नमुना बाद. आमचे तीन या चाळणीतून चोख पार झाले, 35 ते 47 च्या आतच होते ना! चाळणीसमोर जे ठेवलं तेच ती तपासणार. नऊपैकी तीन उचलून आणलेत हे तिला दिसत नाही. निवड आधीच झालेली असेल तर नंतरची तपासणी कितीही कडक असो, ती फसते.

बरं, वजनावरून निवडलं तर ताकद जास्त का आली? योगायोग नव्हे. त्याच मोल्डमध्ये जो क्यूब हलका भरतो त्यात हवा अडकलेली असते. काँक्रीटमध्ये 5 टक्के पोकळी राहिली तरी ताकद सुमारे 30 टक्क्यांनी उतरू शकते. आमच्यातला एक जण व्हायब्रेटरवर मोल्ड नीट धरायचा, दुसरा मोबाइल बघत धरायचा. 27.4 चा क्यूब कोणाचा ते मी सांगणार नाही, मैत्री टिकवायची आहे. पण दुसरं कारण जास्त शिकवणारं होतं. रेती चूलबंद नदीकडची, आदल्या रात्री पाऊस झालेला, ढीग वरून कोरडा आणि आतून ओला. पहिल्या घाण्याला वरची रेती घेतली, तिसऱ्याला आतली. घनमीटरला 700 किलो रेती धरा आणि तिच्यात 4 टक्के पाणी धरा, म्हणजे जवळजवळ 28 लिटर पाणी न मोजता आत गेलं. आपण मोजून टाकलेलं पाणी 173 लिटर होतं, ते झालं दोनशे. गुणोत्तर 0.36 चं 0.42 च्या आसपास. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, हे शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स यांनी 1918 मध्येच मांडलंय. आम्हाला ते परीक्षेपुरतं पाठ होतं. ढिगातली रेती तव्यावर गरम करून तिचं पाणी मोजावं, हे मात्र सुचलं नाही.

स्पर्धेने आम्हाला हे शिकवायला हवं होतं. सगळी सामग्री समोर होती. पण नियमच असा होता की वाईट क्यूबकडे बघायची गरजच पडू नये.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. "सगळ्यात मजबूत" हे मिक्स डिझाइनचं उद्दिष्टच नाही. आयएस 10262 ची 2019 ची आवृत्ती उघडून बघा. तिथे एम 25 हवा असेल तर नेम कुठे धरायचा ते दिलंय : 25 अधिक 1.65 गुणिले 4, म्हणजे 31.6. (अजून एक सूत्र आहे, दोन्हींतलं मोठं घ्यायचं, एम 25 ला पहिलंच मोठं निघतं.) नेमापेक्षा कमी पडलात तर धोका, खूप जास्त गेलात तर सिमेंट वाया. आणि नुसतं वाया नाही, जास्त सिमेंट म्हणजे जास्त उष्णता, जास्त आकुंचन, जास्त भेगा. म्हणूनच आयएस 456 घनमीटरला 450 किलोच्या वर सिमेंट विशेष विचार केल्याशिवाय वापरू नका म्हणतं. आम्ही 480 टाकलं होतं. म्हणजे ज्या कोडची प्रत हातात धरून आम्ही फोटो काढला, त्याच्याशी सुसंगत नसलेल्या मिक्सला पहिलं बक्षीस मिळालं. एकाही परीक्षकाने सिमेंट किती विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

विचारलं ते आमच्या मोठेबाबांनी. ते सडक अर्जुनी, गोरेगाव या पट्ट्यात मिस्त्रीकाम करतात, चाळीस वर्षं झाली. फुटलेल्या क्यूबचा तुकडा हातात घेऊन बघितला, नखाने गिट्टी खरवडली आणि म्हणाले, "बेटा, दगड झाला हा, खरं आहे. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा माल किती वेळ नरम राहते? घमेल्यानं वर चढवायचा आहे न." मला उत्तर माहीत नव्हतं. आम्ही स्लम्प एकदाच घेतला होता, मिक्सरमधून काढल्या काढल्या. अर्ध्या तासाने काय होतं? पंचेचाळीस डिग्रीत काय होतं? माहीत नाही, कारण त्याला गुण नव्हते. माल लवकर आवळला की मजूर काय करतो ते मोठेबाबांना ठाऊक आहे : बादलीभर पाणी ओततो. मग तुमचं 0.36 राहिलं कागदावर.

दुसरा आक्षेप सात दिवसांवर. आणि इथे केमिस्ट्रीवाली म्हणून माझा जीव जास्त तुटतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे बघा. तिरोड्याला 3300 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, 660 चे पाच संच. म्हणजे फ्लाय अ‍ॅशचे डोंगर. आणि भाताचा जिल्हा, राइस मिल जिकडेतिकडे. भाताचा कोंडा जाळला की पाचवा हिस्सा राख उरते आणि ती नीट जळलेली असेल तर तिच्यात 85-90 टक्के सिलिका असते. काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग वाचवायला यापेक्षा जवळचं काय मिळणार? पण ही दोन्ही द्रव्यं स्वतःहून सिमेंटसारखी घट्ट होत नाहीत. आधी सिमेंट पाण्याशी रिअ‍ॅक्ट होतं, त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, मग राखेतली सिलिका त्याच्याशी जुळून आणखी बंधक पदार्थ तयार करते. फ्लाय अ‍ॅशच्या बाबतीत हा दुसरा टप्पा सावकाश चालतो. सातव्या दिवशी तो जेमतेम सुरू झालेला असतो, खरी कमाई 28 नंतर, 56 आणि 90 दिवसांत दिसते. (कोंड्याच्या राखेचं थोडं वेगळं आहे. ती बारीक आणि स्फटिकरूप न झालेली असेल तर लवकर कामाला लागते. पण मिलच्या बॉयलरमध्ये तापमानावर कोणाचं लक्ष असतं? माझी पीएच.डी. याच भानगडीवर आहे, तिच्यावर पुन्हा कधीतरी.)

आता सात दिवसांची स्पर्धा ठेवली तर काय होणार? त्या वर्षी एका टीमने 30 टक्के फ्लाय अ‍ॅश टाकली होती. शेवटून दुसरा नंबर. त्यांच्या क्यूबने काहीही चूक केली नव्हती, फेस्टिव्हलची तारीख लवकर होती इतकंच. त्यांच्यातली एक मुलगी मला नंतर म्हणाली, "फ्लाय अ‍ॅश काही कामाची नाही, आम्ही करून बघितलं." हे वाक्य ऐकून तेव्हा मी मान डोलावली होती. तिरोड्याच्या राखेबद्दल एक चुकीचं मत घेऊन ती मुलगी आज कुठल्यातरी साइटवर असेल.

मशीनचाही थोडा हिशेब करू. आयएस 516 प्रमाणे क्यूबवर भार मिनिटाला 14 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगाने चढवायचा. 41 ला फुटणाऱ्या क्यूबला तीन मिनिटं लागतात. चाळीस टीम, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे 120 क्यूब, सहा तास, तेही ठेवणं-काढणं-पुसणं न धरता. आणि बक्षीस समारंभ चार वाजता. ऑपरेटरने काय करावं? व्हॉल्व्ह जास्त उघडावा. भार घाईने चढवला की क्यूब जास्त आकडा दाखवतो, हे त्याच्या इतकं कोणालाच माहीत नसतं. पहिल्या टीमचा क्यूब आणि जेवणानंतरच्या टीमचा क्यूब एकाच पद्धतीने फोडले असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

याचा अर्थ स्पर्धाच बंद करा असं मी म्हणत नाही. मोल्डला तेल लावण्यापासून स्लम्प कोन उचलण्यापर्यंत जे हाताला कळतं ते मला दुसऱ्या कुठल्याच प्रॅक्टिकलने दिलं नाही. प्रश्न गुण कशाला देता याचा आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थी स्पर्धांमध्ये ठरवून दिलेल्या ताकदीच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, असा प्रकार आहे. तिथे साठचा क्यूब आणून छाती फुगवता येत नाही. तिकडच्याच सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेची, एएससीईची, काँक्रीटच्या होड्यांची राष्ट्रीय स्पर्धा 1988 पासून चालते. विद्यार्थी काँक्रीटची होडी करतात आणि ती खरोखर वल्हवतात. मला त्यातली एक अट फार आवडते : होडी पाण्याने पूर्ण भरली तरी बुडता कामा नये. म्हणजे काँक्रीट हलकं हवं, पातळ थरात टिकायला हवं, आणि लिहिलेल्या अहवालाला व सादरीकरणालाही गुण. एकच आकडा फुगवून तिथे निभत नाही. त्या स्पर्धेला पैसा आणि वर्षभराचा वेळ लागतो, तो आपल्या पॉलिटेक्निकला परवडेल असं नाही. पण नेमाच्या जवळ जाण्याला गुण द्यायला एक रुपयाही लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजातली स्पर्धा आहे ताई, इतकं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण हीच सवय पुढे पेपरमध्ये उतरते. फ्लाय अ‍ॅश, कोंड्याची राख, काचेची पूड, काहीही घ्या. शोधनिबंधांचा एक ठरलेला साचा आहे : 0, 5, 10, 15, 20 टक्के बदल, प्रत्येकाचे तीन क्यूब, एक वक्ररेषा आणि निष्कर्ष, "10 टक्के हे इष्टतम प्रमाण." मी माझ्या विषयाचं वाचन सुरू केलं तेव्हा असे पेपर ढिगाने वाचले आणि त्यांच्यावरून टिपणं काढली. मग एक दिवस वहीतल्या त्या नऊ आकड्यांकडे बघितलं. समजा एकाच घाण्याच्या क्यूबमध्ये प्रमाण विचलन 3 आहे, आमच्यापेक्षा बरंच चांगलं. तीन क्यूबच्या सरासरीतली अनिश्चितता झाली 3 भागिले वर्गमूळ 3, म्हणजे 1.7. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची 2.4. आणि पेपरात 5 टक्के आणि 10 टक्के यांच्यात फरक किती? 1.5. म्हणजे तो उंचवटा राखेचा आहे की व्हायब्रेटरवर कोण उभं होतं त्याचा, हे सांगायला त्या पेपरात काहीच नाही. बऱ्याच ठिकाणी तर तीन क्यूबचे सुटे आकडेही छापलेले नसतात, फक्त सरासरी. किती ओतले होते, किती फोडले, बाद किती केले? आमच्या डिक्कीसारखंच, जे तीन आले ते दिसले.

म्हणून पेपर वाचताना आता मी आधी निष्कर्ष बघत नाही, क्यूबची संख्या शोधते. तुम्हीही शोधा. आणि स्वतः स्पर्धेत उतरणार असाल, नियम कसाही असो, एक गोष्ट करता येते : फोडायच्या आदल्या रात्री प्रत्येक क्यूबवर नंबर घाला आणि तो किती भरेल तुमचा अंदाज कागदावर लिहून, तारीख टाकून पाकिटात बंद करा. नऊच्या नऊ फोडा. अंदाज आणि निकाल यांच्यातला फरक हाच तुमचा खरा मार्क, तो परीक्षकाला दाखवायची गरज नाही. माझा पहिल्यांदा फरक 11 चा आला होता. हल्ली 3-4 वर आलाय, रेतीतलं पाणी मोजायला लागल्यापासून.

या वर्षी एका कॉलेजने मला त्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. मी त्यांना पत्र लिहून तीन गोष्टी मागितल्या : नेम 31.6 ठेवा आणि जवळ येण्याला गुण द्या, ओतलेले सगळे क्यूब फोडा, आणि क्यूब 28 दिवसांचे असू द्या. पहिलीला ते लगेच हो म्हणाले. दुसरीला म्हणाले मशीन एकच आहे, बघतो. तिसरीला नाही म्हणाले, 28 वा दिवस परीक्षेच्या आठवड्यात येतो.

मग मी विचारलं, बक्षीस फेस्टिव्हलमध्ये न देता परीक्षा संपल्यावर दिलं तर? समन्वयक सर हसून म्हणाले, "मॅडम, तेव्हा टाळ्या वाजवायला कोण थांबणार?" उत्तर अजून आलेलं नाही. पण मी सांगून ठेवलंय, फोडायच्या दिवशी मी येईन, आणि मोठेबाबांनाही घेऊन येईन. कोहमाऱ्याहून पहिली बस पकडली तर वेळेत पोहोचतो आम्ही.